दुतर्फा घनदाट जंगल

ताडोबाची ती रील तुम्हीही पाहिली असेल. पिवळं गवत, त्यातून रमतगमत येणारी वाघीण, मागे तिचे बछडे आणि जिप्सीत श्वास रोखून बसलेली माणसं. खाली कॅप्शनमध्ये 'अनटच्ड जंगल' किंवा तशाच अर्थाचं काहीतरी. ती रील जामणीच्या किंवा नवेगावच्या कुरणातली असेल तर ते गवत पुन्हा एकदा नीट बघा. तिथे गाव होतं. धानाच्या बांध्या होत्या, घरं होती, गुरं होती. व्याघ्र प्रकल्पातून गाव बाहेर हलवलं गेलं आणि शेतांत गवत वाढलं. गवताला चितळ आले, चितळांमागे वाघ आला. जागा मुळात शेताची, म्हणून मोकळी. फोटो छान येतात तेही त्यामुळेच. गाव हलवण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलंय, त्यात मी आत्ता पडत नाही. मला त्या कॅप्शनबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे अशा जागेला रीठ म्हणतात. गाव उठून गेलं, नाव तेवढं मागे उरलं, अशी जागा. महसुलाच्या दप्तरात अशी 'रिठी' गावं अजून आहेत : नाव आहे, शिवार आहे, माणूस एकही नाही. म्हणजे तलाठ्याच्या कागदाला जे माहीत आहे ते रील टाकणाऱ्याला माहीत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या आधी आपल्या पुस्तकांनी तेच केलं आहे.

मी चंद्रपूरचा. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली, अलीकडे आम्ही. गेले काही महिने मी या दोन जिल्ह्यांवरचं मराठी लेखन पुन्हा वाचतोय आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारतोय : यातल्या जंगलात कोणी काम करताना दिसतं का?

पहिली गोष्ट लक्षात आली ती गाडीची. दिवाळी अंकातला लेख असो, वर्तमानपत्राच्या पुरवणीतला असो, नाहीतर एखाद्या डॉक्टरचा, पत्रकाराचा, ट्रेकरचा अनुभव; सुरुवातीलाच एक गाडी येते. जीप, एसटी, रुग्णवाहिका, काहीही. गाडी आलापल्ली ओलांडते आणि 'दुतर्फा घनदाट जंगल' सुरू होतं. रेंज जाते. लेखक अंतर्मुख होतो. एखादा अर्धनग्न माणूस कुऱ्हाड घेऊन रस्ता ओलांडतो, तो कुठे निघालाय हे कोणी विचारत नाही. मग 'इथे काळ थांबला आहे' अशा अर्थाचं एखादं वाक्य. जंगल म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली हिरवी भिंत. गाडी थांबेल तिथे माणसं सुरू होतात आणि ती बहुधा आजारी तरी असतात, भुकेली तरी, नाहीतर घाबरलेली.

त्या आलापल्लीबद्दल थोडं. तिथे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा जंगलाचा एक छोटा तुकडा आहे, काही हेक्टरचाच. तो न तोडता राखलाय आणि राज्याने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय. जुनं जंगल कसं दिसत होतं ते दाखवायला एक तुकडा वेगळा ठेवावा लागला, यावरूनच बाकीच्या जंगलाचं काय ते समजावं. ते कूपांत विभागलेलं, कक्ष क्रमांक पडलेलं, खुणा करून तोडलेलं, पुन्हा लावलेलं जंगल आहे. वनखात्याने दीडशे वर्षं सागवानासाठी राबवलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते इथल्याच दोन जिल्ह्यांतून. हे जंगल आदिम नाही, चांगलंच कामाला लावलेलं आहे. आपल्या गद्याला ते काम दिसत नाही, इतकंच.

जिल्हा म्हणून गडचिरोलीचं वय तर फारच कमी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन तुकडे झाले आणि हा जिल्हा तयार झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास चार गोवे. लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आत. उत्तरेला कोरचीत छत्तीसगढी कानावर पडते, दक्षिणेला सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावं, मध्ये गोंडी आणि माडिया, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. सिरोंचाचा भाग १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. तो आधी 'अप्पर गोदावरी' नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात होता आणि १८७४ साली चांद्याला जोडला गेला. अहेरीचा वेगळा जिल्हा करा ही मागणी आजही आहे. ब्रह्मपुरी आणि चिमूरवाल्यांचीही आपापली मागणी आहेच. थोडक्यात, 'जिल्हा' ही इथे सतत खोडून काढलेली रेघ आहे. आणि या एवढ्या सगळ्यासाठी आपल्याकडे विशेषण एकच : दुर्गम. फार झालं तर अतिदुर्गम. कुठून दुर्गम? भामरागडच्या माणसाला भामरागड दुर्गम नसतं. त्याला मंत्रालय दुर्गम असतं.

आता एक गोष्ट जरा नाखुशीने सांगतो. या प्रदेशात माणसांनी केलेलं काम ज्यांना स्पष्ट दिसलं ते आपले साहित्यिक नव्हते, वसुलीला आलेले इंग्रज अधिकारी होते. मेजर ल्यूसी स्मिथचा चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा १८६९ सालचा अहवाल किंवा १९०९ सालचं चांदा गॅझेटियर उघडा. भाषा रुक्ष, सूर मालकाचा, गोंडांबद्दलची काही विधानं आज वाचवत नाहीत. पण त्यांत तलाव आहेत, धान आहे, कोण कुठून पाणी नेतं ते आहे. गोंड राजांच्या काळातला 'तुकूम' आहे : तलाव बांधणाऱ्याला त्याच्यासाठी दिलेली जमीन. चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे, लहानपणी मी रोज तिथून जायचो. ब्रह्मपुरी-चिमूरकडे तर कितीतरी गावांच्या नावांमागे तुकूम लागतं. नावात तलाव आहे, म्हणजे कोणीतरी कधीतरी माती वाहिली आहे. हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. एका परक्या वसुली अधिकाऱ्याच्या अहवालातून कळलं. साहेबाला कर बसवायचा होता आणि कर बसवायचा तर कोण काय पिकवतं ते बघावंच लागतं. करुणेला तेवढं बघावं लागत नाही.

हे वाचताना मला डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इंग्रज इतिहासकाराची आठवण येत राहिली. १९५५ साली त्याने इंग्लंडचा भूप्रदेश कसा घडला यावर एक पुस्तक लिहिलं आणि इंग्रज वाचकाला आपल्याच खेड्याकडे बघायला शिकवलं. तो मूळचा डेव्हनमधल्या एक्सेटरचा. तिकडच्या शेतांना मातीच्या उंच बांधांवर वाढवलेली कुंपणं असतात आणि त्यांच्यामधून खोल गेलेल्या गल्ल्या. पर्यटक त्याला निसर्ग म्हणतो. हॉस्किन्सचं म्हणणं असं की हा निसर्ग नाही, ही शेकडो वर्षांची मजुरी आहे, आणि वाचता आली तर ती कागदपत्रांइतकीच बोलते. त्याच डेव्हनमध्ये साउथ हॅम्स नावाचा एक ग्रामीण जिल्हा आहे. तो १९७४ साली एका कायद्याने अस्तित्वात आला. जिल्हा कालचा, बांध कित्येक शतकांचे. आपल्या गडचिरोलीसारखंच. फरक इतकाच की तिथल्या मातीच्या बांधाला असा वाचक मिळाला. आपल्याकडे अजून 'दुतर्फा'च चाललंय.

मराठीत कोणीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही.

मारुती चितमपल्लींनी आपल्या भाषेला जंगलाचे शब्द दिले, हे ऋण मोठं आहे. त्यांचा मुख्य मुलूख नवेगाव-नागझिऱ्याचा, म्हणजे आमच्या झाडीपट्टीचीच वरची बाजू. त्यांच्या पानांवर झाड हे नुसतं 'झाड' नसतं, त्याला नाव असतं. आणि ते नाव बहुतेक वेळा कुणा गोंड किंवा ढीवर माणसाकडून आलेलं असतं. पण ते वनाधिकारी होते. त्यांच्या लेखनात आदिवासी हा जाणकार म्हणून येतो, वाटाड्या म्हणून येतो. जंगलावर हक्क सांगणारा म्हणून फारसा येत नाही. शब्द दोघांचे, जंगल खात्याचं.

'प्रकाशवाटा' आणि त्यानंतर २०१४ साली आलेला नाना पाटेकरांचा सिनेमा यांच्याबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. हेमलकशाचा प्रकल्प १९७३च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पावसाळ्यात जगाशी संबंध तुटणाऱ्या त्या जागी आमटे दांपत्याने जे केलं त्यावर बोट ठेवण्याची माझी लायकी नाही. तक्रार आहे ती आपल्या वाचनाची. सिनेमात तर उघडच : जंगल म्हणजे अंधार आणि त्यात बाहेरून येणारा दिवा. दवाखान्याच्या आठवणींत आजारी माणसंच येणार, त्याला इलाज नाही. पण लाखो मराठी वाचकांनी त्या एका दवाखान्याच्या दारातून अख्खा जिल्हा बघितला आणि तेवढ्यावर भागवलं. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर काय करत होता? कोणत्या टेकडीवर कोसरी पेरत होता, कोणत्या नदीत मासे धरत होता? त्या वाटेने आपण कधी गेलो नाही.

विलास मनोहरांचं 'एका नक्षलवाद्याचा जन्म' त्या वाटेने जातं. तेही हेमलकशाचेच, वर्षानुवर्षं तिथे राहिलेले, त्यामुळे या कादंबरीत गाडी नाही. माडिया गावात सरकार येतं ते माणसांच्या रूपाने : वनरक्षक, ठेकेदार, पोलीस. त्याला कोंबडी लागते, बेगारीला माणूस लागतो, आणि काल जे पाऊल नुसतं पाऊल होतं ते आज गुन्हा ठरतं. जंगल इथे भिंत नाही. नियम, दंड आणि भीती यांनी भरलेली जागा आहे. या जिल्ह्यावरच्या मराठी कादंबऱ्यांत आजही मी ती सर्वांत वर ठेवीन. तरी एक अडचण आहे आणि ती शीर्षकातच आहे. शेवट आधी ठरलाय. मग गाव, शेत, गोटूल, लग्न, भांडण, जे काही येतं ते त्या बंदुकीचं कारण म्हणून येतं. कादंबरीने हे विचारपूर्वक केलं, ते तिच्या काळाचं सत्य होतं. पण तिच्यानंतर मराठी पत्रकारितेने तो साचा इतका घासला की इथल्या कुठल्याही गावाला दोनच भूमिका उरल्या : नक्षलवादी जन्माला घालायचा, नाहीतर त्याच्या हातून मरायचं. तिसरं काही त्या गावात घडूच शकत नाही.

तिसरं काय घडू शकतं ते मिलिंद बोकिलांच्या 'गोष्ट मेंढा गावाची'त आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. बोकील कथालेखक आहेत, पण इथे त्यांनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरून एक गाव चालतं कसं ते लिहिलं : ग्रामसभा कशी बसते, सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय का घेत नाहीत, अभ्यासगटात काय बोलतात. मला विचाराल तर ते राजकारणाचं पुस्तक आहेच, पण या भूभागाचं मराठीतलं सर्वांत चांगलं वर्णनही तेच आहे. त्यातल्या जंगलात माणसं सतत काहीतरी ठरवत असतात. तक्रारही एक आहे. पुस्तक जरा जास्तच समजूतदार आहे. आदर्श गाव म्हटलं की भांडणं लवकर मिटतात. मला तिथली न मिटलेली भांडणंही वाचायला आवडली असती.

मेंढ्याच्या कथेचा गाभा मात्र अस्सल साहित्यिक आहे : बांबू हे झाड की गवत? १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या हिशेबाने झाड, म्हणून लाकूड, म्हणून खात्याचं. २००६च्या वनहक्क कायद्याच्या हिशेबाने गौण वनोपज, म्हणून गावाचं. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना काही मिळेना, कारण एका शब्दाचा अर्थ ठरत नव्हता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू निघाला तो २०१७ साली. आपण वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हे एका मार्काला लिहितो : बांबू हे गवत आहे.

आणि हा बांबू जात कुठे होता? बल्लारपूरच्या कागद कारखान्यात. माझ्या शहराशेजारी. तो वास आमच्या लहानपणाचा भाग आहे. इथलं जंगल पिढ्यान् पिढ्या लगदा होऊन कागद झालं, आणि त्यातल्या कुठल्या ना कुठल्या कागदावर 'दुतर्फा घनदाट जंगल' हे छापलंही गेलं असणार. मला हा विचार हसवतो, मग हसू जातं.

वर्णनाचा एवढा का आग्रह, असं कोणी विचारेल. ओझं वाहणाऱ्या, पाला तोडणाऱ्या माणसाला साहित्यात जागा मिळाली काय, न मिळाली काय. पण इथे वर्णन हा पुरावा असतो. एटापल्ली तालुक्यातली सूरजागडची टेकडी घ्या. एका नकाशावर ती लोहखनिजाचा पट्टा आहे; २०२१पासून तिथे खाण जोरात सुरू आहे. दुसऱ्या नकाशावर, जो कागदावर नसतो, तिथे ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते आणि सत्तर गावांचा एक पारंपरिक 'इलाका' आहे. म्हणजे १९८२च्या कितीतरी आधीचा जिल्हाच म्हणा ना, कलेक्टर नसलेला. जी जागा पुस्तकांत कायम रिकामी, आदिम, कोणाचीच नसलेली दिसली, ती कोणाला देऊन टाकली तर वाचकाला धक्का बसत नाही. खाणीतून मिळणाऱ्या नोकऱ्या इथल्या अनेक पोरांना हव्या आहेत, हेही मी नाकारत नाही. त्यांतले काही माझ्या ओळखीचे आहेत. पण तिथे आधी काही नव्हतंच, हे वाक्य खोटं आहे. आणि ते खाणवाल्यांच्या आधी आपण लिहिलं.

या सगळ्या वाचनात मला आवडलेलं शेवटचं पुस्तक हे पुस्तकच नाही. सामूहिक वनहक्काचा दावा करताना गावाला आपल्या जंगलाची हद्द लिहून द्यावी लागते आणि पुरावे जोडावे लागतात. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे : जुनं निस्तार पत्रक चालतं, विहीर चालते, दफनभूमी चालते, देवाची जागा चालते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलेलं असेल तर तेही चालतं. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळालेत. म्हणजे हजाराहून जास्त गावांनी आपापल्या भूभागाचं वर्णन लिहून काढलंय, मराठीत, फुलस्केपवर. एवढा मोठा मजकूर एका जिल्ह्याने लिहिला आणि आपल्या समीक्षेच्या गावीही नाही.

धानोऱ्याकडच्या एका गावात मी अशी एक फाइल पूर्ण वाचली. नाल्यापासून हद्द सुरू होते, दगडापाशी वळते, मोहाच्या झाडांना धरून वर जाते. जिथे मढी ठेवतात ती जागा, जिथे लग्नाआधी देवाला विचारतात ती, तेंदूची फळी कुठे बसते, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं. विशेषण जवळजवळ नाहीच. शेवटी एका आजोबांचा जबाब आणि खाली अंगठा. भाषा सरकारी आणि झाडीबोली यांची खिचडी, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. मी दोनदा वाचली.

ग्रामसभेच्या सचिवाला, पंचविशीतल्या पोराला, मी म्हटलं की हे फार चांगलं लिहिलंय. त्याला ते विचित्र वाटलं असावं. "वाचासाठी नाही लिवलं भाऊ," तो म्हणाला. "साहेब लोकं मोक्यावर येऊन विचारतेत, तवा चुकाले नाही पायजे."

मला झेरॉक्स हवी होती. त्यासाठी धानोऱ्याला जावं लागणार होतं. त्याच्या मोटरसायकलवर मी मागे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल होतं, घनदाट. तो एका हाताने हॅन्डल धरून दुसऱ्याने दाखवत चालला होता : हा मोह माझ्या मामाचा, त्या पलीकडे लेखावाल्यांचं लागते, इथं गेल्या साली आग लागली होती, हे कक्ष बोलतेत ते इथून, आणि ते खाली दिसते ना भाऊ, ते बोडी, आजानं बांधली.